कलरिमीटरवर रासायनिक गतिकी: अभिक्रियेची कोटी विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावी

पुण्यातील महाविद्यालयांत रासायनिक गतिकीचे प्रात्यक्षिक म्हटले की मिथाइल ॲसिटेटचे आम्लाच्या सान्निध्यातील जलअपघटन किंवा इथाइल ॲसिटेटचे साबणीकरण हेच प्रयोग प्रथम आठवतात. मिश्रणातून ठरावीक वेळाने पिपेटने थोडा भाग काढायचा, तो बर्फाच्या पाण्यात सोडून अभिक्रिया थोपवायची आणि ब्युरेटने अनुमापन करायचे, ही पद्धत हाताला शिस्त लावते आणि ती अभ्यासक्रमातून जाऊ नये असेच माझे मत आहे. मात्र तीन तासांच्या प्रात्यक्षिकात तिच्यातून सहा-सात बिंदूंपेक्षा अधिक काही हाती लागत नाही, आणि इतक्या थोड्या बिंदूंवरून वक्राचा आकार ओळखणे विद्यार्थ्याला शक्य नसते. त्यातच जर्नलच्या पहिल्या ओळीत ‘पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा वेग स्थिरांक काढणे’ असा उद्देश लिहिलेला असल्यामुळे जो प्रश्न प्रयोगाने सोडवायचा, म्हणजे वेग संहतीच्या कितव्या घाताच्या प्रमाणात आहे (हीच अभिक्रियेची कोटी), त्याचे उत्तर प्रयोगाआधीच दिलेले असते.

प्रकाशाच्या शोषणावरून वेग मोजण्याचा मोठा लाभ इथे आहे. द्रावणाला हात न लावता, त्यातून थेंबही न काढता, दर अर्ध्या मिनिटाला एक रीडिंग घेता येते आणि संपूर्ण वक्र समोर उभा राहतो. रासायनिक गतिकीचा पहिला संख्यात्मक अभ्यासही प्रकाशाच्याच आधाराने झाला होता. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी यांनी आम्लाच्या उपस्थितीत साखरेचे विघटन होत असताना ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती वळते हे मोजले आणि वेग हा शिल्लक साखरेच्या प्रमाणात असतो हे दाखवले. आपल्याला ध्रुवणमापीही लागत नाही. पदवीच्या प्रयोगशाळेत असणारा फिल्टरचा साधा कलरिमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते दाखवणारे यंत्र, पुरेसा आहे.

सुरुवातीला क्रिस्टल व्हायोलेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड ही जोडी घ्यावी. क्रिस्टल व्हायोलेटचा धन आयन गडद जांभळा असतो; हायड्रॉक्साइड आयन त्याच्या मध्यवर्ती कार्बनला जोडला गेला की रंगहीन कार्बिनॉल तयार होते आणि द्रावण हळूहळू फिके पडत जाते. हा रंग ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा-केशरी प्रकाश सर्वाधिक शोषतो आणि त्याचा मोलर शोषण गुणांक सुमारे ८७,००० इतका मोठा असल्यामुळे अत्यंत विरल द्रावण पुरते. परमँगनेटचा गुणांक ५२५ नॅनोमीटरला सुमारे २,४०० आहे, यावरून या रंगाची ताकद लक्षात यावी. इतक्या विरल रंगासमोर हायड्रॉक्साइड शेकडो पटींनी जास्त असते, ते प्रयोगभर जवळजवळ स्थिर राहते, आणि वेगाचा बदल केवळ रंगाच्या संहतीवर अवलंबून असल्याप्रमाणे दिसतो. ही आभासी पहिली कोटी असते, पण हे वाक्य वर्गात इतक्या लवकर उच्चारू नये.

द्रावणे प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी करून ठेवावीत. क्रिस्टल व्हायोलेट क्लोराइडचे मोलर वस्तुमान सुमारे ४०८ ग्रॅम आहे, त्यामुळे ४०.८ मिलिग्रॅम रंग एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवला की ०.०००१ मोलर मूळ द्रावण मिळते. त्यातील २० मिलिलिटर १०० मिलिलिटरपर्यंत विरल केले की ०.००००२ मोलर कार्यद्रावण तयार होते. बाजारात मिळणारा जीवशास्त्रीय स्टेनचा रंग शंभर टक्के शुद्ध नसतो, म्हणून ही संहती नेमकी मानू नये. त्याने आपले काम अडतही नाही, कारण पहिल्या कोटीच्या विश्लेषणात ॲबसॉर्बन्सचे (प्रकाश किती शोषला गेला त्याच्या मापाचे) गुणोत्तरच वापरले जाते आणि रंगाची नेमकी संहती त्यातून गळून पडते. हायड्रॉक्साइडच्या बाबतीत मात्र अशी सूट नाही. त्याची संहती अंतिम वेग स्थिरांकात थेट येते, आणि सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत राहते, म्हणून ०.०४० मोलर द्रावण (लिटरला १.६ ग्रॅम) ऑक्झॅलिक ॲसिडच्या प्रमाणित द्रावणाने त्याच सकाळी अनुमापन करून तपासावे. सोबत ०.०४० मोलर सोडियम क्लोराइडही (लिटरला २.३४ ग्रॅम) करावे. त्याचे कारण पुढे येईल.

पहिला अर्धा तास बिअरच्या नियमाच्या (ॲबसॉर्बन्स संहतीच्या प्रमाणात असतो) पडताळणीला द्यावा आणि वेळ वाचवण्यासाठी तो कधीही गाळू नये. कार्यद्रावणाचे १, २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर घेऊन प्रत्येक भाग १० मिलिलिटरपर्यंत विरल करावा आणि ५७० ते ६०० नॅनोमीटरच्या दरम्यानचा जो फिल्टर उपलब्ध असेल तो लावून ॲबसॉर्बन्स नोंदवावा. कोणता फिल्टर निवडायचा हे विद्यार्थ्यांना सांगण्यापेक्षा एकच द्रावण यंत्रातील सर्व फिल्टरांखाली मोजायला लावावे. सर्वाधिक वाचन कुठे येते हे त्यांनी पाहिले की पूरक रंगांची कल्पना वेगळी शिकवावी लागत नाही. फिल्टरमधून एकच तरंगलांबी येत नाही, तर वीस-चाळीस नॅनोमीटरचा पट्टा येतो, म्हणून आलेखाचा उतार पुस्तकातील गुणांकापेक्षा कमी येतो आणि जास्त संहतीला रेषा किंचित खाली वाकते. हे वाकणे विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असावे, म्हणजे पुढे वेगाच्या आलेखात सुरुवातीचे बिंदू रेषेबाहेर गेले तर त्यांना रसायनाचा दोष आणि यंत्राची मर्यादा यांतला फरक ओळखता येईल. ॲबसॉर्बन्स ०.२ ते ०.८ या पट्ट्यात असताना वाचन सर्वांत विश्वसनीय असते, आणि वरील द्रावणे त्याच हिशेबाने निवडलेली आहेत.

यंत्राबाबत काही सवयी आधीच लावाव्यात. कलरिमीटर किमान पंधरा-वीस मिनिटे आधी सुरू करावा, कारण दिवा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. गोल नळ्यांचा कलरिमीटर असेल तर प्रत्येक गटाने एकच नळी शेवटपर्यंत वापरावी, तिच्यावर खूण करावी आणि ती नेहमी त्याच दिशेने ठेवावी. शून्य जुळवण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरावे आणि दर दहा मिनिटांनी ते पुन्हा तपासावे, विशेषतः जिथे वीजपुरवठ्याचा दाब वरखाली होतो तिथे. पावसाळ्यात पुण्याची हवा इतकी दमट असते की थंड द्रावणाची नळी बाहेर काढताच तिच्यावर बाष्प जमते आणि तेच ‘शोषण’ म्हणून नोंदले जाते. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने नळी पुसल्याशिवाय ती यंत्रात ठेवू नये.

बॅचची विभागणी आणि प्रत्यक्ष कृती

वीस विद्यार्थ्यांच्या बॅचमध्ये प्रत्येकाने तोच प्रयोग करून तेच उत्तर आणण्यात काही अर्थ नाही. बॅचचे चार गट करावेत आणि प्रत्येक गटाला हायड्रॉक्साइडची वेगळी संहती द्यावी. पहिल्या गटाने ०.०४० मोलर हायड्रॉक्साइडचे २.५ मिलिलिटर आणि सोडियम क्लोराइडचे ७.५ मिलिलिटर घ्यावेत, दुसऱ्याने दोन्हींचे पाच-पाच मिलिलिटर, तिसऱ्याने ७.५ आणि २.५, आणि चौथ्याने निव्वळ हायड्रॉक्साइडचे १० मिलिलिटर. त्यात १० मिलिलिटर कार्यद्रावण मिसळले की हायड्रॉक्साइडच्या अंतिम संहती अनुक्रमे ०.००५, ०.०१०, ०.०१५ आणि ०.०२० मोलर होतात, तर रंगाची संहती आणि आयनिक स्ट्रेंथ (द्रावणातील आयनांच्या संहतीचे आणि प्रभाराचे एकत्रित माप) चारही गटांत समान राहतात.

मीठ घालण्याची ही खबरदारी अनेक ठिकाणी सोडून दिली जाते, पण ती सोडू नये. अभिक्रियेतील एक आयन धन आणि दुसरा ऋण आहे; द्रावणात इतर आयन वाढले की त्या दोघांमधील आकर्षण झाकले जाते आणि अभिक्रिया मंदावते. मीठ न घालता केवळ हायड्रॉक्साइड ०.००५ वरून ०.०२० मोलरपर्यंत वाढवले, तर डिबाय-हुकेल यांच्या मर्यादा-नियमानुसार दुसऱ्या कोटीचा वेग स्थिरांक सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी भरेल, आणि हायड्रॉक्साइडची कोटी एकपेक्षा थोडी कमी आल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हाच परिणाम स्वतंत्र प्रयोगाचा विषय होऊ शकतो.

मिश्रण करताना दोन्ही द्रावणे वेगवेगळ्या बीकरमध्ये मोजून ठेवावीत, रंगाचे द्रावण हायड्रॉक्साइडमध्ये एका दमात ओतावे, काचेच्या कांडीने ढवळावे, लगेच नळीत भरावे आणि ओततानाच स्टॉपवॉच सुरू करावे. पहिले रीडिंग तीस-चाळीस सेकंदांनी मिळाले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण पहिल्या कोटीच्या रेषेचा उतार शून्य वेळ कुठे धरली यावर अवलंबून नसतो; हे विद्यार्थ्यांना आधी सांगितले की घाईत द्रावण सांडण्याचे प्रमाण कमी होते. त्यानंतर दर तीस सेकंदांनी आणि पाच मिनिटांनंतर दर मिनिटाला रीडिंग घ्यावे. एकाने घड्याळ पाहावे, एकाने आकडा वाचावा, एकाने लिहावे. खोलीच्या तापमानाला अर्धायुष्य (रंगाची संहती निम्मी होण्याचा वेळ) सर्वांत जास्त हायड्रॉक्साइडच्या गटात साधारण तीन-चार मिनिटे आणि सर्वांत कमी हायड्रॉक्साइडच्या गटात त्याच्या चौपट, म्हणजे बारा ते सोळा मिनिटांच्या आसपास येते.

किती वेळ रीडिंग घ्यायचे, हा या संपूर्ण प्रात्यक्षिकातील कळीचा मुद्दा आहे आणि त्यावर फळ्यासमोर पंधरा मिनिटे खर्च करणे योग्य ठरते. समजा सुरुवातीचा ॲबसॉर्बन्स १.०० आहे आणि पहिल्या अर्धायुष्यानंतर तो ०.५० झाला. शून्य, पहिली आणि दुसरी या तिन्ही कोटींचे वक्र या दोन बिंदूंमधून जातात. अर्धायुष्याच्या निम्म्या वेळेला ते अनुक्रमे ०.७५, ०.७१ आणि ०.६७ दाखवतात, म्हणजे शेजारच्या दोन शक्यतांतला फरक केवळ ०.०४ आहे, आणि फिल्टरच्या कलरिमीटरवर शिकाऊ हातांनी घेतलेल्या वाचनात तेवढी चूक सहज होऊ शकते. तेच दोन अर्धायुष्यांनंतर पाहिले तर शून्य कोटीत काहीच उरत नाही, पहिल्या कोटीत ०.२५ उरते आणि दुसऱ्या कोटीत ०.३३. तीन अर्धायुष्यांनंतर पहिली कोटी ०.१३ वर येते आणि दुसरी अजून ०.२५ वरच असते. कोटी ओळखण्याची माहिती वक्राच्या शेपटीत दडलेली असते, आणि नेमकी तीच शेपटी ‘रीडिंग आता फार कमी बदलत आहे’ म्हणून विद्यार्थी सोडून देतात. किमान अडीच ते तीन अर्धायुष्ये पूर्ण होईपर्यंत कोणत्याही गटाला टेबल सोडू देऊ नये.

रीडिंग सुरू करण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करून घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याने कोऱ्या आलेखकागदावर, पेन्सिलीने, वेळेनुसार ॲबसॉर्बन्स कसा बदलेल याचा आपला अंदाज काढावा आणि त्याखाली तसे का वाटते हे एका वाक्यात लिहावे. अनेक जण सरळ उतरती रेषा काढतात, काही जण सुरुवातीला सपाट आणि मग घसरणारा वक्र काढतात. हे अंदाज तपासून गुण देऊ नयेत. प्रयोग संपल्यावर त्यांच्या शेजारीच खरे बिंदू मांडायला सांगावे.

आलेखांवरून निर्णय

प्रत्येक गटाने तीन आलेख काढावेत: वेळेविरुद्ध ॲबसॉर्बन्स, वेळेविरुद्ध त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, आणि वेळेविरुद्ध त्याचा व्यस्त. पहिले तीनही आलेख हाताने काढावेत, संगणकावरील स्प्रेडशीट नंतर उघडावी. स्प्रेडशीट आर-स्क्वेअरचा (रेषा बिंदूंशी किती जुळते ते सांगणारा) आकडा देते आणि विद्यार्थी ज्या आलेखाचा आकडा मोठा, तो बरोबर असे ठरवून मोकळे होतात. हा मार्ग फसवा आहे, कारण पहिल्या कोटीची अगदी निर्दोष आकडेवारी केवळ एका अर्धायुष्यापर्यंत घेऊन चुकीच्या, म्हणजे शून्य कोटीच्या आलेखावर मांडली तरी आर-स्क्वेअर ०.९९ च्या आसपास येतो. आकड्याऐवजी बिंदू रेषेच्या कोणत्या बाजूला पडतात ते पाहायला शिकवावे. बिंदू रेषेच्या वर-खाली विस्कळीत पडले असतील तर ती मोजमापातील साधी चूक आहे. दोन्ही टोकांचे बिंदू रेषेच्या वर आणि मधले खाली असतील तर रेषाच चुकीची निवडली आहे. काचेची पट्टी बिंदूंवर ठेवून कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरला की हे वाकणे लगेच दिसते.

लॉगॅरिदमचा आलेख सरळ येऊन शेवटी अचानक आडवा होऊ लागला, तर ते बहुधा नळीच्या भिंतीला चिकटलेल्या रंगामुळे होते. हा रंग काचेला आणि त्याहून अधिक प्लॅस्टिकला चिकटतो, त्यामुळे अभिक्रिया संपल्यावरही ॲबसॉर्बन्स शून्य होत नाही. अशा वेळी मिश्रण तासभर ठेवून अंतिम वाचन घ्यावे आणि ते प्रत्येक वाचनातून वजा करून मग लॉगॅरिदम काढावा. अंतिम वाचन मिळणे शक्य नसेल तर गुगेनहाइम यांची १९२६ मधील पद्धत वापरता येते, ज्यात ठरावीक अंतराने घेतलेल्या वाचनांच्या जोड्यांतील फरकाचा लॉगॅरिदम मांडला जातो. दहा आधाराचा लॉगॅरिदम वापरणाऱ्यांनी उताराला २.३०३ ने गुणायचे असते, आणि यंत्र पारगमनाची टक्केवारी दाखवत असेल तर दोनमधून तिचा दहा आधाराचा लॉगॅरिदम वजा करून ॲबसॉर्बन्स काढायचा असतो. या दोन ठिकाणी होणाऱ्या चुका जर्नल तपासताना सर्वाधिक आढळतात.

चारही गटांचे उतार फळ्यावर लिहून घ्यावेत आणि हायड्रॉक्साइडच्या संहतीविरुद्ध त्यांचा आलेख सर्वांसमोर काढावा. तो मूळबिंदूतून जाणारी सरळ रेषा देतो आणि तिचा उतार हाच दुसऱ्या कोटीचा खरा वेग स्थिरांक. ‘आभासी पहिली कोटी’ हा शब्दप्रयोग आता, या क्षणी फळ्यावर लिहावा. आपल्या गटाचा उतार हा स्थिरांक नसून त्यात हायड्रॉक्साइड लपलेले होते, हे इतर गटांचे बिंदू पाहिल्याशिवाय कोणालाही पटत नाही.

बिंदू रेषेवर येत नसतील तर प्रथम तापमानाची चौकशी करावी. सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) मोलला ६० किलोज्यूल धरली तर खोलीच्या तापमानाजवळ एका अंशाच्या फरकाने वेग सुमारे आठ टक्के बदलतो. डिसेंबरातील सकाळची बॅच आणि त्याच दिवशीची दुपारची बॅच यांत पुण्यात सहज आठ-दहा अंशांचा फरक पडतो, म्हणजे वेग जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. तापमान न लिहिलेला वेग स्थिरांक जर्नलमध्ये स्वीकारूच नये. सर्व द्रावणांच्या बाटल्या पाण्याने भरलेल्या एकाच मोठ्या बादलीत अर्धा तास ठेवल्या तरी गटागटांतील फरक बराच कमी होतो. कलरिमीटरचा दिवा नळी तापवतो, म्हणून दोन वाचनांच्या मधल्या वेळात नळी त्याच बादलीत ठेवावी. दुसऱ्या प्रात्यक्षिकात बर्फ आणि कोमट पाणी वापरून १५, २५ आणि ३५ अंशांना हाच प्रयोग केला की १८८९ मधील आर्‌हेनियस यांच्या समीकरणाने सक्रियण ऊर्जाही काढता येते.

कलरिमीटर कमी असतील तर

जिथे संपूर्ण बॅचसाठी एक-दोनच यंत्रे आहेत, तिथे विद्यार्थ्यांकडून यंत्र बनवून घेणे हा केवळ नाइलाजाचा उपाय मानू नये. त्यातून शोषण म्हणजे काय हे फार चांगले कळते. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा एलईडी, फोटोडायोड, रोधक आणि मल्टिमीटर हे सर्व एका फेरीत मिळते. पिवळा एलईडी या रंगासाठी अगदी योग्य आहे, आणि परमँगनेटसाठी हिरवा घ्यावा. आतून काळ्या रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एका बाजूला एलईडी, समोर फोटोडायोड आणि मध्ये चौकोनी क्युव्हेट बसवावी. फोटोडायोड उलट दिशेने जोडून त्याच्या मालिकेतील रोधकावरचा दाब मोजावा. एलईडी बंद असताना येणारे वाचन प्रत्येक वाचनातून वजा करावे, आणि मग पाण्याच्या वाचनाला द्रावणाच्या वाचनाने भागून दहा आधाराचा लॉगॅरिदम घेतला की ॲबसॉर्बन्स मिळतो. एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक) स्वस्त असला तरी त्याचा प्रतिसाद प्रकाशाच्या प्रमाणात नसतो, म्हणून तो टाळावा.

क्रिस्टल व्हायोलेट झाल्यावर पुढच्या आठवड्यात फिनॉल्फ्थॅलीन घ्यावे. तीव्र हायड्रॉक्साइडमध्ये त्याचा गुलाबी रंगही हळूहळू जातो, ५५० नॅनोमीटरच्या आसपास तो मोजता येतो, आणि इथे दोन्ही आयन ऋण असल्यामुळे मीठ वाढवले की वेग वाढतो. एकाच मिठाने एक अभिक्रिया मंदावते आणि दुसरी गतिमान होते, हे एकापाठोपाठ पाहिल्यावर आयनिक स्ट्रेंथचे सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही. ज्यांची तयारी चांगली झाली आहे त्यांना परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिड द्यावे, पण काहीही न सांगता द्यावे. तिथे तयार होणारे मँगनीजचे आयन स्वतःच उत्प्रेरक होतात, वक्र सुरुवातीला सपाट राहून मग वेगाने कोसळतो आणि वरील तीनपैकी एकही आलेख सरळ येत नाही. कोणताच आलेख बसत नाही असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावेत आणि ओढूनताणून रेषा काढणाऱ्याचे कापावेत.

क्रिस्टल व्हायोलेट हाताळताना हातमोजे आणि चश्मा सक्तीचा असावा, कारण हा रंग आरोग्याला घातक मानला जातो, पाण्यातील जीवांना विषारी आहे आणि कातडीवर बरेच दिवस टिकतो. डाग पडलेल्या नळ्या विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडने आणि मग भरपूर पाण्याने धुवाव्यात. उरलेली मिश्रणे बेसिनमध्ये ओतू नयेत. ती फिकी दिसत असली तरी त्यातील कार्बिनॉल आम्ल मिळताच पुन्हा जांभळे होते, आणि आपल्या बेसिनचे पाणी शेवटी मुळा-मुठेलाच जाऊन मिळते. सर्व गटांची मिश्रणे झाकणाच्या एका कॅनमध्ये जमा करावीत, आम्लाने उदासीन करावीत, त्यात सक्रिय कोळसा घालून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावीत, मग गाळून रंगहीन झालेले पाणी सोडावे आणि कोळशाचा गाळ प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्यावा.